श्रावणीची पोथी

१

नळाला पाणी पाच दिवसांनी येवो, पेपर दुपारी येवो, आमच्याकडे सकाळची पोथी मात्र कधी चुकली नाही. आंघोळ झाली की हे चौरंगापुढे मांडी घालणार, लाल फडक्याची गाठ सोडणार आणि मोठ्यानं वाचायला लागणार. हे म्हणजे माझे यजमान, शहाजी. कचेरीत हेडक्लार्क होते. मूळचे मंद्रूपचे. तिथल्या मारुतीच्या देवळात पोथी वाचायचा मान यांच्या घराण्याकडे. आम्ही जुळे सोलापुरात घर बांधलं तेव्हा मान गावाकडे राहिला आणि सवय तेवढी सामानाबरोबर आली.

पोथीसमोर एक पाट रिकामा मांडतात. रामकथा चालते तिथं मारुतिराया ऐकायला येऊन बसतो, म्हणून. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. तो पाट रोज पुसायचं काम माझ्याकडे असलं तरी त्यावर कोणी बसतं यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. "तुमच्या श्रोत्यानं कधी चहा मागितला का हो?" असं मी स्वयंपाकघरातून विचारायचे.

"मागंल की," हे म्हणायचे. "तू आदी कर तर."

आमची श्रावणी, एकुलती एक, या पोथीला कधी टिकली नाही. बसली की पाय हलवणार, फूल कुस्करणार, उठून पळणार. रात्रीची गोष्ट मात्र तिला बापाकडूनच हवी असायची. ऐकणाऱ्यानं मधून मधून 'हं' म्हणायचं, नाहीतर गोष्ट थांबते, असा यांचा नियम होता. झोपेनं डोळे मिटले तरी पोर 'हं' म्हणत राहायची.

कंबर तलावाहून मोठं पाणी न पाहिलेली ही मुलगी पुढे गोव्याला, समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत लागली. समुद्राचा तळ काही ठिकाणी भेगाळलेला असतो आणि त्या भेगांतून उकळतं पाणी वर येतं. ऊन तिथं कधीच पोचत नाही, तरी त्या पाण्यात सूक्ष्मजीव राहतात. त्यांचे जीनोम वाचायचे हे तिचं काम. गेल्या मार्गशीर्षात ती त्या पाण्याचे नमुने आणायला जहाजावर गेली. एक दिवस जेवता जेवता तिच्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली.

जहाज बंदराला लागायला बरेच दिवस गेले. तोवर तिला तिथल्या शीतगृहात ठेवलं होतं, भाजी आणि मांस ठेवतात त्याच खोलीत. हे मला कुणी सांगायला नको होतं, पण सांगितलं. ती आमच्या ताब्यात आली तेव्हा यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. "लई गार हाय गं," एवढंच म्हणाले. माणूस गेलं की गार होतं हे मलाही माहीत आहे. पण ते गारपण आतपर्यंत होतं, हाडापर्यंत. स्मशानात हे पुन्हा पुन्हा लाकडं वाढवायला सांगत होते. शेवटी लोकांनी त्यांना बाजूला नेऊन बसवलं.

२

महिनाभरानं सोनाली आली. श्रावणीच्या शेजारच्या टेबलावर काम करणारी मुलगी. श्रावणीचे कपडे, चष्मा आणि एक पेनड्राइव्ह घेऊन आली होती. चहाला हात न लावता तिनं सांगितलं की श्रावणी गेली दोन वर्षं ज्या जिवाच्या मागे होती त्याचा जीनोम पुरा झालाय आणि त्याला श्रावणीचं नाव द्यायचं घाटतंय.

"दिसतो कसा?" यांनी विचारलं.

"काका, तो कुणी पाहिलाच नाही. त्या पाण्यातून त्याच्या डीएनएचे तुकडे मिळाले. श्रावणीनं ते एकाला एक जोडले. प्रयोगशाळेत त्याला वाढवायचा प्रयत्न केला, पण वाढत नाही. आपण त्याला फक्त वाचलंय."

"वाचलंय म्हंजे?"

तिनं लॅपटॉप उघडून दाखवलं. पडदाभर चारच अक्षरं, ए, टी, जी, सी, मागेपुढे होत चाललेली. ओळीमागून ओळ, पानामागून पान. सगळी मिळून पाच लाखांच्या आसपास आहेत, जिवांच्या हिशेबात हे लहानच, असं ती म्हणाली. लहान असायचं कारणही तिनं सांगितलं. या जिवाला स्वतःचं स्वतः जवळजवळ काही करता येत नाही. तो दुसऱ्या एका जिवाला चिकटून राहतो आणि लागेल ते त्याच्याकडून घेतो.

"लाडावलेलं पोरगं," हे म्हणाले. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं, आणि त्या हसण्यानंच मला गलबलून आलं.

सोनाली गेल्यावर हे पेनड्राइव्ह मुठीत धरून बसून राहिले. मग म्हणाले, "निघायच्या आदल्या दिवशी फोनवर काय म्हनली हुती, ठाऊक हाय? बाबा, तुमची पोथी किती वेळा वाचणार, एकदा माझी वाचा की."

चेष्टा होती ती. बापलेकींची चेष्टा. पण दुसऱ्या दिवशी हे झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि संध्याकाळी कागदांचा हा एवढा गठ्ठा घेऊन आले. नवं लाल फडकं आणलं होतं. रामकथेची पोथी कपाटात गेली आणि चौरंगावर श्रावणीची पोथी आली.

मी म्हटलं, करू दे. दुःखात कुणी दारू पितं, कुणी भिंतीकडे बघत बसतं. आमचा माणूस अक्षरं वाचतोय. त्यात कुणाचं काय जातंय?

३

हे तीन-तीन अक्षरांचे घास करून वाचायचे, पोथीच्याच चालीवर. पेशी तीन-तीन अक्षरंच वाचते हे श्रावणीनं त्यांना कधीतरी सांगितलं होतं. एटीजी, सीसीए, टीटीजी. ओळीच्या शेवटी सूर खाली यायचा, श्वास घ्यायचा, की पुढची ओळ. ऐकताना आधी हसू यायचं, मग झोप यायची. काही दिवसांनी मला भाकऱ्या थापताना त्याच तालात हात पडतोय हे लक्षात आलं.

समोर पाट मांडलेला होताच. "आता कशाला पाट? ही काय रामकथा आहे?" मी विचारलं.

"पोथी हाय न्हवं? मग पाट पायजेच की."

माघातली सकाळ होती, चांगली गार. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी गोजाबाई फरशी पुसत पुसत चौरंगापर्यंत आली. वाचन नुकतंच आटोपलं होतं आणि हे अंगणात गेले होते. तिनं पाट उचलायला हात लावला आणि थबकली.

"बाई, पाट तापलाय की ओ. कोन बसलं हुतं?"

"कोण बसणार? ऊन आलं असेल."

"हितं कुटं आलंय ऊन?"

मी जाऊन हात लावला. ऊन खिडकीच्या चौकटीवरच होतं, पाटापर्यंत यायला त्याला बराच अवकाश होता. पाट गरम होता. तापलेला म्हणावा असा नाही. बसमध्ये शेजारचं माणूस उठून गेलं की जागा लागते तसा.

४

मी पुरावा मागणारी बाई. मुलांना सांगायचे, आधी निरीक्षण लिहा, अनुमान मागून. तेच केलं. शाळेतला एक जुना तापमापक माझ्याकडे होता. वाचनाआधी लावला, वाचनानंतर लावला. पाट दुसऱ्या भिंतीला मांडला. दोन पाट मांडून बघितले, तेव्हा यांच्या तोंडासमोरचा तेवढा तापला आणि कडेचा फरशीसारखा गार राहिला. पाटाऐवजी सतरंजीची घडी टाकली तर घडी तापली. ज्या दिवशी हे तापानं झोपले आणि वाचन झालं नाही त्या दिवशी काहीच झालं नाही.

मग वास यायला लागला. फटाका उडून गेल्यावर मागे राहतो तसा, आणि त्याखाली सडक्या अंड्याचा. प्रयोगशाळेत हायड्रोजन सल्फाइड करताना मुलं नाक धरून पळायची, तोच वास. चौरंगावरचं चांदीचं निरांजन मी राखेनं घासून लख्ख करायचे आणि पोथी झाली की ते काळं झालेलं असायचं. चांदी अशी का काळवंडते हे मी फळ्यावर कितीदा लिहिलंय. समीकरण पाठ आहे. पण आमच्या बाहेरच्या खोलीत तो वायू येतो कुठून, हे त्या समीकरणात नव्हतं.

आणि एक दिवस मी डाळ निवडत असताना, हे ओळ संपवून श्वास घ्यायला थांबले तेव्हा, 'हं' ऐकू आलं.

फ्रिज असेल. मी फ्रिज बंद केला. शेजारची पाण्याची मोटर असेल, पण नळाचा दिवस नव्हता. तिसऱ्या दिवशी मी मेन स्विच खाली ओढला आणि दाराआड उभी राहिले. घर एकदम मुकं झालं. यांचा तेवढा आवाज. ओळ संपली. हं. पुढची ओळ संपली. हं. आवाज बारीक होता आणि मिटल्या तोंडाचा होता. फरशीतून माझ्या तळपायाला तो कळत होता.

मी पडदा सरकवला. पाट रिकामा. हे माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"ऐकलंस न्हवं?" ते म्हणाले. "झोपली न्हाय आजून."

 मला ऐकू आलं होतं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाही पाटापाशी जाऊन बसावंसं वाटलं.

५

चैत्र उजाडला. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे भिंतीला टेकलं तर पाठ भाजते. गोजाबाई पदरानं वारा घेत भांडी घासायची, आणि आमचे हे स्वेटर घालून, कानटोपी ओढून चौरंगापुढे बसायचे. वाचन सकाळ-दुपार चालू झालं होतं. त्यांचे हात गार, पाय गार, ओठांना निळसर कड. जेवायचे चार घास, पण अंगाला काही लागत नव्हतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, छातीचा आलेख काढला. सगळं बरोबर आलं. "दुःख आहे काकू, वेळ द्या," डॉक्टर म्हणाले.

पाटाचा तापमापक रोज चढत होता. आता त्यावर हात ठेववत नव्हता. मी यांच्या काखेत ताप मोजायचा तापमापक लावला तर पारा रेषा सोडून वरच सरकेना. दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून कुठल्याही पोराला अनुमान काढता आलं असतं.

"बंद करा हो हे," मी म्हणाले. "तुम्ही गार पडत चाललाय."

"कळतंय की मला."

"मग?"

"ती लई काकडत आलीय गं. घेतीय जरा ऊब बापाकडनं. घेऊ दे की. माजं काय आता?"

"अहो, ती नाही ती." माझा आवाज चढला. "तुमची लेक पोथीला कधी बसली का? पाच मिनिटं तरी? हे जे काही आहे ते हलतसुद्धा नाही. मुंगीएवढंही नाही. श्रावणी अशी कुणाकडून काही ओरबाडून घेणारी होती का?"

"दमली असंल. लांबनं आलीय."

 मी माळ्यावर चढले आणि तो गठ्ठा पत्र्याच्या ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. खाली उतरते तो बाहेरच्या खोलीतून आवाज सुरू. रिकाम्या चौरंगाकडे बघत हे म्हणत होते. जीजीए, टीएसी, एएटी. मी पुन्हा वर गेले, पानं काढली आणि जिन्यावर बसून बोट ठेवून ताडून बघितलं. घरचा पत्ता विसरायला लागलेला माझा माणूस एक अक्षर चुकत नव्हता.

मी गठ्ठा आणून चौरंगावर परत ठेवला. निदान पानं संपतील तेव्हा संपेल, एवढीच आता आशा होती. पोथी संपली की समाप्ती होते, आरती होते, प्रसाद वाटतात आणि ऐकायला आलेला उठून जातो. हे तर यांच्याच शास्त्रात बसत होतं. मी रवा आणून ठेवला, प्रसादाच्या शिऱ्याला.

६

शेवटचं पान आलं तेव्हा मी निरांजन लावून तयारच होते. हे शेवटच्या ओळीवर आले. सूर खाली येईल म्हणून मी घंटा उचलली. सूर खाली आला नाही. त्यांनी गठ्ठा उलटा केला आणि पहिल्या पानावरची पहिली ओळ त्याच श्वासात सुरू केली, मधे सुईएवढी फट न ठेवता.

मी मागच्या अंगणात जाऊन सोनालीला फोन लावला. काय सांगायचं ते सुचेना. शेवटी एवढंच विचारलं की श्रावणीच्या त्या जीनोमचा शेवट कुठं आहे.

"शेवट नसतो काकू. तो गोल असतो, बांगडीसारखा. आपण छापायचा म्हणून कुठंतरी कापतो आणि तिथून सुरुवात म्हणतो."

"मग त्याच्या पेशीत तो वाचून संपतो कधी?"

"जिवंत आहे तोवर नाही संपत."  मग हळूच म्हणाली, "काकू, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"थांबवायचा तर कसा थांबवतात?"

तिला वाटलं असेल, आईला मुलीचं काम समजून घ्यायचंय. समजुतीच्या स्वरात सांगत राहिली. श्रावणी म्हणायची, या जिवाला आपलं गरम पाणीसुद्धा थंडी वाजवणारं. तो उकळत्या पाण्यात सुखी. गार झालं की त्याचं सगळं थांबतं.

"मरतो?"

"सांगता नाही येत. पण थांबतो नक्की."

मी फोन ठेवला. अंगणात तुळस होरपळून गेली होती. आतून वाचनाचा आवाज येत होता, आणि आता 'हं' ओळ संपायच्या आधीच येत होतं, घाई झाल्यासारखं.

७

त्या दुपारी लाइट गेली होती. पंखा थांबलेला. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी हातात तांब्या घेऊन यांना पाणी द्यायला गेले. स्वेटरवर त्यांनी शाल घेतली होती आणि मान पुढे कलली होती. आवाज इतका बारीक की अक्षरं ओठांवरून ओळखावी लागत होती. मी त्यांच्या पायाला हात लावला.

ते गारपण माझ्या हाताला आधी एकदा लागलेलं होतं. बंदरावर, श्रावणीला आमच्या हवाली केलं त्या दिवशी.

यांनी वर बघितलंसुद्धा नाही. ते पाटाकडे बघत होते. तिथून इतकी धग येत होती की माझ्या तोंडाची कातडी ओढल्यासारखी झाली. पाटाच्या लाकडातून चीक वर आला होता. रांगोळी तपकिरी झाली होती. यांच्या तोंडावर समाधान होतं, पोर मांडीवर झोपलेली असताना असायचं तसं. त्यांना मरायचं नव्हतं, त्यांना द्यायचं होतं. आणि मी आई असून दारात तांब्या घेऊन उभी होते. माझ्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. याचा मला राग आला होता का? आला होता. तोही सांगून टाकते.

मी स्वयंपाकघरात गेले आणि माठ उचलला. भरलेला होता, ओला, गार. एरवी माझ्यानं हलत नाही. त्या दिवशी उचलून आणला.

"ए," हे म्हणाले. वाचन तुटलं. "ए, काय करतीस?"

मी ओतलं.

तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा आवाज झाला आणि खोली वाफेनं भरून गेली. डोळ्यांत आणि नाकात तो वास घुसला. मी माठ कलता धरूनच होते. आणि त्या वाफेत, जिथं वाफ पोचत नव्हती तिथं, एक आकार मोकळा राहिला होता.

माझ्याकडे पाठ होती. कुणीतरी मांडी घालून, यांच्याकडे तोंड करून, पुढे वाकून बसलं होतं. कान देऊन ऐकताना वाकतात तसं. पाठीच्या मणक्यांची ओळ होती. मान होती, तिच्यावर ओले केस चिकटलेले. बाईची मान होती एवढं मला दिसलं. मुलींच्या माना सगळ्या सारख्याच असतात. मी शाळेत इतक्या मुलींच्या पाठी बघितल्यात.

गार पाणी लागलं तसे खांदे आखडले. आणि कुणी पाठीमागून पाणी उडवलं की लहान मूल मागे वळून बघतं ना, कोण आहे ते, तशी ती मान वळायला लागली.

'हं?' असं झालं. त्यात प्रश्न होता.

कान दिसला. गालाची कड दिसायला लागली. मी डोळे गच्च मिटले आणि उरलेला माठ उपडा केला.

माठ हातातून सुटून फुटला. मग काहीच आवाज नव्हता. मी डोळे उघडले तेव्हा फरशीवर खापऱ्या होत्या, पाण्यावर फूल तरंगत होतं आणि पाट ओला, रिकामा होता. हे पाटावर दोन्ही हात दाबून, चाचपून बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

"परत गार केलंस गं तिला," ते म्हणाले.

८

आठवड्याभरात यांच्या अंगात ऊब आली. स्वेटर निघाला, ओठांचा निळा रंग गेला, भूक लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, बघा, वेळच लागतो. पोथी यांनी स्वतःच फडक्यात बांधली आणि कपाटात ठेवली. नंतर एकदा मी चोरून ऐकलं, हे आठवून म्हणायचा प्रयत्न करत होते. पहिल्या तीन अक्षरांपुढे त्यांना काही येत नव्हतं. पुन्हा पुन्हा तीच तीन म्हणून ते गप्प बसले. निरांजन लख्ख राहतं. पाट मी उन्हात वाळवला, तो आता साधा पाट आहे, हात लावला तर गार लागतो.

माझ्याशी हे बोलत नव्हते. मुद्दाम नाही, भांडणातला अबोला तो नव्हताच. ताट वाढलं की जेवायचे, गोळ्या दिल्या की घ्यायचे. गोजाबाईशी मंद्रूपच्या बाजाराचं, पावसाचं बोलायचे. मी खोलीत आले की त्यांचं बोलणं आपोआप सरायचं. मी माझा माणूस वाचवला होता आणि तो घरात हिंडत-फिरत होता. घर इतकं रिकामं मला श्रावणी गेली तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं.

ज्येष्ठात एकदा दुपारी जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला.

"यशोदा," ते म्हणाले. मला नावानं हाक त्यांनी जन्मात दोन-चारदा मारली असेल. "माज्या डोळ्यांत वाफ गेली हुती. मला काय दिसलं न्हाय. कोन हुतं?"

मला सगळं आठवलं. खांदे, मान, मानेवरचे केस. लहानपणी त्याच मानेवर मी तेल चोळायचे की ती कुणा परक्याची मान होती? रोज रात्री डोळे मिटले की ती वळायला लागते आणि गालाच्या कडेपाशी थांबते. त्याच्या पुढचं मी बघितलेलं नाही. बघितलं असतं तर माझ्यानं ओतवलं नसतं.

"ती नव्हती," मी म्हणाले.

"तोंड बघितलंस?"

"बघितलं."

"नक्की?"

"नक्की. ती नव्हती हो."

 मग त्यांनी मान हलवली, तुकडा आमटीत बुडवला आणि खाल्ला. मी त्यांचा डावा हात माझ्या हातात घेतला. गरम होता, जिवंत माणसाचा असतो तेवढा. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, पण माझा हात धरलाही नाही. तसाच तो माझ्या हातात पडून राहिला, आणि श्रावणी गेल्यापासून पहिल्यांदा मला रडू फुटलं.